न दिसणाऱ्याचं वजन

(महिला दिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला आणि आपला दिवस ८ मार्चला. म्हणून यंदा एखाद्या स्त्री-वैज्ञानिकावर कुणीतरी बोलावं असं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी समाजकार्य शिकलेली, माझं विज्ञान दहावीपुरतं. पण व्हेरा रुबिन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचलं आणि सांगितल्याशिवाय राहवेना.

त्या १९४८ साली पदवीधर झाल्या, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात खगोलशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला बायकांना प्रवेशच नव्हता. १९७५ पर्यंत नव्हता! त्यांनी दुसरीकडे रात्रीच्या वर्गांना जाऊन १९५४ साली डॉक्टरेट घेतली. आईवडील मूल सांभाळायचे, नवरा गाडीने सोडायचा आणि बाहेर थांबायचा. पालोमारच्या मोठ्या वेधशाळेत तर बायकांना दुर्बीण वापरू देत नसत, कारण काय, तर तिथे बायकांसाठी संडास नाही. १९६५ साली अधिकृत परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. संडासाच्या दारावर पुरुषाचं चित्र होतं, त्याला त्यांनी कागदाचा स्कर्ट कापून चिकटवला असं सांगतात. मुंबईत २०११ साली बायकांच्या मुताऱ्यांसाठी मोहीम सुरू झाली, त्यातल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता त्यांचं काम. गोफण फिरवलेली आपल्यापैकी कुणी आहे का? दगड जितका जोरात फिरेल तितकी पकड घट्ट लागते, नाहीतर तो सुटून जातो. सूर्याची पकड लांब गेलं की सैल होते. म्हणून बुध सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३० आणि दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहातही कडेचे तारे असेच सावकाश फिरत असणार, असं सगळे धरून चालले होते. रुबिन आणि त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजून १९७० साली प्रसिद्ध केले, १९८० साली आणखी २१ दीर्घिकांचे. कडेचा वेग कमी होतच नव्हता. म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्यांपलीकडे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. हा शोध एकट्या बाईंचा नव्हे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ सालीच दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल हे म्हटलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. रुबिन यांच्या मोजमापांनंतर ते टाळता येईना.

चंद्राभोवती खळं पडतं ना, तसं प्रत्येक दीर्घिकेभोवती कृष्णद्रव्याचं खळं असतं. फक्त ते दिसत नाही. त्याचं वजन करायचं तर आत फिरणाऱ्यांचा वेग मोजायचा. अगदी लहान खळ्यात तारे सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने फिरतात, आपल्या आकाशगंगेत सूर्य सुमारे २३०, आणि शेकडो दीर्घिकांना धरणाऱ्या प्रचंड खळ्यात वेग हजाराच्या घरात जातो. ढोबळ हिशेब असा: वस्तुमान हजारपट, तर वेग दहापट.

मला सगळ्यात भावलं ते याच्या पुढचं. मोठी खळी थोडी, लहान मात्र अगणित. आपल्या आकाशगंगेभोवती अशी हजारो लहान खळी असावीत असं संगणकावरचं गणित सांगतं, आणि दिसणाऱ्या छोट्या दीर्घिका काही डझनच. १९९९ साली या तफावतीवरून बराच खल झाला. त्याचं एक उत्तर असं की लहान खळ्याची पकड कमी, त्यामुळे तापलेला वायू निसटतो, तारे तयार होत नाहीत. घर आहे, दिवा नाही. दिवे मोजत गेलेल्याला ते सापडणार कसं? आपल्या सर्वेक्षणात ‘काय काम करता?’ विचारलं की बाई म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ आणि आपणही तो रकाना कोरा सोडून पुढच्या दारात जातो. उपमा फार ताणत नाही. कृष्णद्रव्याला मजुरी नको असते.

रुबिन २०१६ साली वारल्या. नोबेल मिळालं नाही. भौतिकशास्त्राचं नोबेल १९०१ ते २०२३ या काळात पाचच बायकांना मिळालं. चिलीतल्या नव्या वेधशाळेला मात्र त्यांचं नाव दिलं आहे. जून २०२५ मध्ये तिथली पहिली छायाचित्रं आली. दहा वर्षं आकाश टिपत राहायचं आणि ही अंधुक, छोटी घरं शोधायची, हेही तिच्या कामात आहे.

आता विचारा काय विचारायचं ते. अडले तर कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या बाईंना पुढच्या बैठकीला बोलावू.