फ्रिज दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न
फ्रिज बिघडल्याचा फोन आला, की दुरुस्ती करणाऱ्याने दर सांगण्याआधी विचारावं, “ताई, आत इन्सुलिन आहे का?” न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, म्हणून अशा घरी आधी पोचायला हवं. मग दाराच्या रबरात कागद अडकवून ओढायला सांगावं. सहज निसटला, तर रबर सैल झालंय, गारवा तिथून जातो. कधी मागच्या जाळीवरची धूळ झटकूनही भागतं. अर्थात आधी प्लग काढून! तसं असेल तर फोनवरच सांगावं, गिऱ्हाइकाचे फेरीचे पैसे वाचू द्यावेत. माझ्या मते, भिंतीवरच्या जाहिरातीपेक्षा ही दोन मिनिटं मोलाची. जिन्यात शेजारीण विचारते, “तुमचा फ्रिजवाला कोण हो?” तेव्हा याच माणसाचा नंबर दिला जातो.