पिवळा दिवा लुकलुकतो तेव्हा



सरोजिनी नगर म्हटलं की पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांना कपड्यांचा बाजार आठवतो. केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आलेल्या मराठी घरांना मात्र आठवतात ती सरकारी क्वार्टरं. समोर कडुलिंब, खाली उघड्यावर उभ्या केलेल्या गाड्या. वस्तीचं जुनं नाव विनय नगर. त्या क्वार्टरांतली बरीचशी आता पाडली गेली आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. या पाडापाडीची धूळ इंजिनच्या एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते, हे सांगतो, कारण आजचा विषय गाडीच्या श्वासाचा आहे.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी, टर्बो बसवलेली पेट्रोल गाडी. उदाहरणार्थ स्कोडाची लॉरा किंवा सुपर्ब, १.८ टीएसआय इंजिनवाली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, म्हणजे तशी आपल्याकडचीच. १७९८ सीसी आणि १६० अश्वशक्ती. नवी होती तेव्हा साहेबांची गाडी. आता सेकंडहँड बाजारात आवाक्यातल्या भावात मिळते, आणि घेणाऱ्याची परीक्षा तिथून सुरू होते.

अशी गाडी वसाहतीतल्या गल्ल्यांतून गुळगुळीत चालते. रिंग रोडला लागून मोतीबागच्या उड्डाणपुलावर, एसी चालू ठेवून, चौथ्या गिअरमध्ये जोर मागितला की मात्र अंग झटकते आणि समोरच्या पट्टीवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो, "साहब, मिसिंग कर रही है. प्लग-कॉइल डलवा दो." कधी कधी त्याचं बरोबरही असतं. पण चार प्लग, चार कॉइल, मग ऑक्सिजन सेन्सर, मग धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अशी एकेक वस्तू बदलत गेलं, तर गाडीच्या किमतीची निम्मी रक्कम सहज उडते आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

मिस मारणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. गाडीला हे कळतं कसं? क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो आणि त्या धक्क्याने शाफ्टचा वेग किंचित वाढतो. ज्याच्या पाळीला तो धक्का बसला नाही, तो सिलिंडर दोषी. इंजिनचा कॉम्प्युटर ही गैरहजेरी मोजत राहतो आणि कोड नोंदवतो: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०४ म्हणजे चौथा, आणि पी०३०० म्हणजे कुठला एक असा सांगता येत नाही. दिवा स्थिर पेटला तर आठवडाभरात दाखवा. लुकलुकत असेल तर पाय उचला, जोर देऊ नका, कारण त्या क्षणी कन्व्हर्टर जळतो आहे.

तो का जळतो, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. न पेटलेल्या सिलिंडरमधून पेट्रोल बाहेर पडतं, आणि न वापरलेला ऑक्सिजनही. एक्झॉस्टमधला सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. त्याला वाटतं, हवा जास्त झाली, इंधन कमी पडतंय. तो तसं कळवतो आणि कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे एक सिलिंडर उपाशी आणि बाकीचे तीन अजीर्णाने त्रस्त. हे सगळं पेट्रोल आणि तो ऑक्सिजन गरम कन्व्हर्टरमध्ये एकत्र येतात आणि जे इंजिनात पेटायचं ते तिथे पेटतं. आतली चिनी मातीची जाळी वितळते. मग काही महिन्यांनी पी०४२० हा कोड येतो, कन्व्हर्टरची क्षमता कमी झाली असं सांगणारा, आणि लोक कन्व्हर्टर बदलतात. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातलाच हा प्रकार.

म्हणून पहिली विनंती: कोड उडवू देऊ नका. आपल्याकडे स्कॅनर लावला की दिवा विझवून देण्यात गॅरेजवाल्याला कोण आनंद! कोडबरोबर कॉम्प्युटरने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते: इंजिनचा वेग किती होता, त्यावर भार किती, पाणी किती गरम. ती आधी लिहून घ्या. थंड इंजिन, कमी वेग, भार नाही अशी नोंद असेल तर रस्ता एका बाजूला जातो. गरम इंजिन, जास्त भार अशी असेल तर दुसऱ्या.

भाराखाली मिस मारत असेल तर आधी ठिणगीकडे पाहा. टर्बो हवा दाबून भरतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल रिकाम्या इंजिनाला पुरते, उड्डाणपुलावर पुरत नाही. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे परीक्षा फुकटात होते. समजा, कोड पहिल्या सिलिंडरचा आहे; त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर, आणि तोच पूल पुन्हा चढा. कोड तिसऱ्यावर गेला तर कॉइल वाईट. पहिल्यावरच राहिला तर प्लग तसेच अदलाबदल करा. तरी हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. वायरिंगला हसू नका. उघड्यावरच्या गाडीत उंदीर हिवाळ्यात उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. काश्मिरी गेटच्या बाजारात अस्सल प्लग मिळतात, तसे नकलीही. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका.

सकाळी पहिल्या काही मिनिटांत थरथर आणि मग सगळं शांत, असं असेल तर संशय कार्बनवर. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जात नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतला जात नाही आणि इंजिनमधून परत येणारी तेलाची वाफ त्यावर बसून भाजत राहते. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या 'क्लीनर'च्या बाटल्या इथे निरुपयोगी, कारण ते पेट्रोल तिथवर पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. खर्चिक काम आहे, पण करण्यासारखं.

तिसरी शक्यता हवेच्या गळतीची. इंजिन चालू असताना शिट्टीसारखा आवाज येतो का? तेलाचं झाकण ओढूनही सुटत नाही का? मग तीच तेलाची वाफ परत पाठवणाऱ्या, इंजिनवरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटलेला असू शकतो. स्कॅनरवर बघा: गाडी उभी असताना कॉम्प्युटर जास्तीचं इंधन मिसळत असेल आणि वेग वाढवल्यावर ते प्रमाण खाली येत असेल, तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. हा आकडा थोडा अधिक दिसला तर मात्र घाबरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून जुन्या गाडीला थोडं अधिक इंधन सोडावंच लागतं. गळती सापडत नसेल तर धुराचं मशीन लावून पाइपांत धूर भरा; फट असेल तिथून तो बाहेर येतो.

आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषणाचं प्रमाणपत्र? दिल्लीत ते नसलं तर दंड १०,००० रुपयांपर्यंत. बीएस-४, म्हणजे भारत स्टेज ४, पेट्रोल गाडीला मंद चालणाऱ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. शिवाय मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरी तपासणी. पण लक्षात घ्या, दोन्ही वेळा गाडी उभीच असते. टर्बोला तिथे काही कामच नाही. पुलावर झटके खाणारी गाडी पंपावरच्या पीयूसी केंद्रात हसतखेळत पास होते. नियमही बराच काळ गाडीच्या प्रकृतीपेक्षा वयाकडेच बघत आला. २०१८च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरात चालवू नयेत हा हरित लवादाचा आदेश उचलून धरला. २०२५च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांवर केवळ वयामुळे कारवाई करू नये असं म्हटलं. मला हे बरं वाटलं. नीट राखलेली चौदा वर्षांची गाडी, मिस मारणाऱ्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा स्वच्छ असते.

कॉम्प्रेशन आणि टायमिंग चेनची तपासणी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती कष्टाची आहे. पण गाडी तेल पीत असेल, आणि या इंजिनांत ते अनेकदा घडतं, तर ती टाळू नका. जळणारं तेल प्लगवर बसतं आणि कन्व्हर्टरलाही निकामी करतं. सगळं दुरुस्त झाल्यावरच नवा कन्व्हर्टर घ्यायचा की नाही ते ठरवा. आणि पीयूसीला जाताना घरून थेट जाऊ नका. रिंग रोडवर वीसेक मिनिटं गाडी चालवून मग रांगेत लावा. कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय कामाला लागत नाही.