नजर मैदानावर, नोंद वहीत

इंग्लंडच्या लेस्टर सिटी फुटबॉल क्लबसाठी खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये ल आव्र संघातला दुसराच खेळाडू पाहायला गेले होते. नजर खिळली ती सडपातळ रियाद महरेझवर. जानेवारी २०१४ मध्ये तो लेस्टरकडे आला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्याच काँ क्लबमधून एन्गोलो कान्टे आला. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेण्यातले त्याचे आकडे बोलके होते. २०१६ मध्ये लेस्टरने इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा, प्रीमियर लीग, जिंकली!

असा खेळाडू हेरताना व्यावसायिक क्लब त्याला अनेक सामन्यांत पारखतात: घरच्या मैदानावर, परक्या मैदानावर, संघ पिछाडीवर असताना. चेंडू पायाशी नसताना तो कुठे धावतो, हेही टिपतात. चित्रफिती आणि दुखापतींचा इतिहास तपासतात. अशा चिकाटीच्या नजरेमुळेच छोट्या क्लबांतल्या गुणी मुलांना मोठं मैदान मिळतं.