पडद्यावर न आलेले प्रकरण

चित्रपट एकट्याने पाहावा की मित्रांबरोबर, याबद्दल दोन पक्ष आहेत. मी दुसऱ्या पक्षाचा. मात्र त्या मित्रांत एखाद्याने मूळ पुस्तक वाचलेले असले, तर तुमची धडगत नाही!

आम्ही चौघे शाळेपासूनचे सोबती. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही एक घाट घातला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग माझ्या घरी एका दिवसात पाहायचे. २००१, २००२ आणि २००३ साली आलेले हे चित्रपट. तिन्हींची लांबी मिळून सव्वानऊ तासांच्या वर जाते. सकाळी नऊला पोहे खाऊन बसलो. मी, डॉक्टर, मास्तर आणि अण्णा. मास्तरांची मूळ कादंबरीची दोन पारायणे झालेली; अण्णाला ती ठाऊकही नव्हती.

ही कादंबरी टोल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांची. १९५४-५५ साली तीन भागांत निघाली. गोष्ट एका सर्वनाशी अंगठीची आणि ती घेऊन निघालेल्या हॉबिट नावाच्या ठेंगू माणसांची. आपल्या कथांतला वीर बहुधा काहीतरी मिळवायला बाहेर पडतो. हा फ्रोडो बिचारा हाती आलेले टाकून द्यायला निघतो, आणि तेच त्याला सर्वांत जड जाते.

मास्तरांची कुरकुर पहिल्या तासातच सुरू झाली. “टॉम बॉम्बाडिल कुठाय? अख्खा माणूस गाळला!” डॉक्टरांना वेगळीच चिंता. चांगली उंचपुरी नटमंडळी पडद्यावर कमरेएवढी कशी दिसतात? मला ठाऊक होते ते सांगितले. गाडीतल्या प्रसंगात गँडाल्फ पुढे आणि फ्रोडो काही फूट मागे बसवला होता. कॅमेरा असा धरला की दोघे शेजारी वाटावेत. इतकी साधी हातचलाखी! डॉक्टर खूश झाले, आणि पुढच्या लढाईत झोपी गेले.

अण्णा मात्र हूं की चूं न करता पाहत होता. झाडे चालली, गरुडांनी माणसे उचलली, सगळे त्याने मान्य केले. अखेर अंगठी नष्ट झाली आणि चौघे हॉबिट तट्टांवरून आपल्या गावी परतले. गाव जसेच्या तसे! गुत्त्यात लोक एका भल्या मोठ्या भोपळ्याचे कौतुक करीत बसलेले. तेव्हा अण्णा म्हणाला, “हे काही पटलं नाही बुवा.”

आम्ही हसलो. “अरे, झाडं चालली ती पटली ना तुला?”

“ती पटली. पण माणूस एवढं भोगून परत येतो आणि गाव जिथल्या तिथं? असं नसतं रे.”

अण्णा अकरा वर्षांनी कोकणात आपल्या गावी जाऊन आला होता, हे आम्हांला ठाऊक होते. काय पाहिले, ते त्याने कधी सांगितले नव्हते. आता सांगितले, तेही दोनच वाक्यांत. परसामागे चिऱ्याची खाण झाली आहे. आणि ज्या वहाळात तो पोहायला शिकला, तो मातीने भरला आहे.

दिवसभर कुरकुरणाऱ्या मास्तरांनी चष्मा काढला. “अण्णा, पुस्तकात तू म्हणतोस तसंच आहे.”

शेवटून दुसरे प्रकरण. हॉबिट परततात तो झाडे तोडलेली, नव्या गिरणीने ओढ्याचे पाणी नासवलेले, भिंतीभिंतीवर हुकमांच्या याद्या. जग वाचवून आलेल्यांना पुन्हा लढावे लागते, ते घरच्या अंगणात. मग सॅम गावभर रोपे लावीत हिंडतो. एल्फांच्या राणीने दिलेली माती चिमूट चिमूट प्रत्येक रोपापाशी घालतो. पडद्यावर यातले फार तर एक ओझरते दृश्य उरले आहे, पहिल्या भागात, राणीच्या जलदर्पणात दिसणारे जळते गाव. टोल्किन यांचे बालपण बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या गिरणीच्या खेड्यात गेले. आपण दहा वर्षांचे होण्याआधीच तो मुलूख उजाड होऊ लागला होता, असे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे.

तुम्ही विचाराल, मग दिग्दर्शक पीटर जॅक्सन चुकले का? मला नाही तसे वाटत. अंगठी गेल्यावरही चित्रपट बराच वेळ चालतो. तिथे आणखी एक लढाई घातली असती तर प्रेक्षक चपला शोधू लागले असते. मास्तरांना हे मुळीच मान्य नाही. तो वाद रात्री साडेनऊला जेवणाच्या पानावरही चालला, आणि अजून मिटलेला नाही.

अण्णा त्यात पडला नाही. निघताना त्याने मास्तरांकडे तेवढा तिसरा भाग मागितला. मास्तर कुणाला पुस्तक देत नाहीत; पण ते त्याच रात्री अण्णाला घरी घेऊन गेले. जिना उतरताना अण्णाचा आवाज आला, “ती माती पुरली का रे सगळ्या झाडांना?”

“वाच की,” मास्तर म्हणाले.