खुब्याचे हाड आणि सूर्यप्रकाश



घरातील वृद्ध न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले, ही वार्ता आपल्या कुळांत कोणासही अपरिचित नाही. अशा रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश वर्ष सरण्यापूर्वीच दगावतात, आणि वाचलेल्यांतील पुष्कळांचे पूर्वीसारखे चालणे परत येत नाही. दोष बहुधा ओल्या फरशीला दिला जातो. परंतु इतक्या अल्प आघाताने मोडणारे हाड आधीच आतून विरळ झालेले असते. ऑस्टिओपोरोसिस म्हणतात तो हाच विकार.

त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव पडली की संकट दुहेरी होते. आहारातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यास हे जीवनसत्त्व लागते. ते अपुरे पडल्यास रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी शरीर हाडांतील साठ्यावर हात टाकते. शिवाय मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन पाऊल अडखळते.

सूर्याच्या देशात ही उणीव कशी, असा प्रश्न साहजिकच पडेल. पण 2000 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत निरोगी माणसांच्या रक्तातही हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. कोवळ्या उन्हाची महती आपल्याकडे फार. तथापि उगवत्या सूर्याच्या तिरप्या किरणांत या कामास लागणारा अंश अत्यल्प असतो, आणि खिडकीची काच तोही अडवते. वृद्ध त्वचेची निर्मितिक्षमताही उतरलेली असते. जुन्या घराच्या राजांगणात वाळवण राखत बसलेल्या आजींच्या हातापायांवर ऊन आपोआप पडे. सदनिकेतल्या आजींना ते कोठून मिळणार?

1992 साली फ्रान्समधील शापुई व मेनिए यांच्या संशोधनाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वृद्धनिवासांत राहणाऱ्या, सरासरी 84 वर्षे वयाच्या 3270 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज 800 एकके ‘ड’ जीवनसत्त्व व 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम देण्यात आले. दीड वर्ष नेमाने औषध घेतलेल्यांत खुब्याचे अस्थिभंग 43 टक्क्यांनी कमी आढळले.

यावरून सरसकट सर्वांनी गोळ्या घ्याव्यात असे मात्र ठरत नाही. अमेरिकेतील 25,871 जणांवरील प्रयोगात रोज 2000 एकके देऊनही अस्थिभंग घटले नाहीत, असे 2022 साली जाहीर झाले. ती माणसे बहुतांशी निरोगी होती. उणीव पाहून निवडलेली नव्हती. ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याला शिधा देऊन काय साधणार? फ्रान्समधील त्या वृद्धांची कोठारेच रिकामी होती.

अतिरेक तर अपायकारकच ठरला. ऑस्ट्रेलियात 2256 वृद्ध स्त्रियांवर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षातून एकदाच पाच लाख एकके घेणाऱ्या स्त्रिया इतरांहून अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. वर्षाचे पुण्य एकाच दिवशी पदरी पाडून घेण्याची आपली हौस येथे कामाची नाही.

हाडे विरळ झाल्याचे निदान झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना केवळ जीवनसत्त्व पुरत नाही; हाडांची झीज रोखणारे औषधही लागते. त्यांपैकी काही औषधांनी, ‘ड’ची उणीव असताना, रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरू शकते. म्हणून वैद्य आधी रक्त तपासून ती उणीव भरून काढतात व मगच ते औषध देतात.