कात्रीमागचा अभ्यास



भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं ऑस्कर वेशभूषेसाठी होतं. एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटासाठी ते भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून मिळालं. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये ही कोल्हापूरची मुलगी. वडील चित्रकार, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘ईव्हज वीकली’साठी त्या फॅशनची रेखाचित्रं काढत. साप्ताहिकाच्या संपादिकेनं बुटिक उघडलं, तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्षात उतरवायची संधी त्यांना मिळाली आणि तिथून पुढं ‘सीआयडी’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’ असा त्यांचा प्रवास सुरू झाला.

त्यांचं काम अभ्यासावर उभं होतं. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. ‘गांधी’ची कथा १८९३च्या दक्षिण आफ्रिकेतल्या आगगाडीपासून १९४८च्या दिल्लीपर्यंत जाते. या अर्धशतकात बॅरिस्टरचा सूट जातो, काठियावाडी पेहराव येतो आणि १९२१मध्ये मदुराईला गांधीजी पंचा स्वीकारतात. त्या माणसाचं राजकारण त्याच्या अंगावर वाचता येतं. ते पडद्यावर आणायचं तर कोणत्या साली कोणत्या वर्गातला माणूस काय नेसायचा, कापड गिरणीचं की हातमागाचं, धोतर किती जाड, हे सगळं ठाऊक असावं लागतं.

आणि तरीही मराठी घरांत मुलीनं किंवा मुलानं फॅशन डिझाईनचं नाव काढलं की प्रश्न येतो: शिवणकामच करायचं, तर त्याला पदवी कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शिवलेल्या नऊवारीत सापडतं. लग्नसराईत तिला आज मोठी मागणी आहे. नेसलेली नऊवारी दर वेळी नव्यानं अंगाला जुळवून घेते. कमरेची गाठ, निऱ्या आणि मागं खोचलेला काष्टा नेसणारीच्या हाताच्या अंदाजानं बसतात. शिवताना तो अंदाज मोजून, कायमचा ठरवावा लागतो. आसन किती खोल ठेवायचं? नवरीला पाटावर मांडी घालून बसायचं आहे, लावणीच्या नर्तिकेला खाली बसून उसळून उठायचं आहे. दोघींसाठी एकच कटिंग चालणार नाही. निऱ्या शिवून टाकल्या तर चालताना त्या उघडतील का? आणि सोबतच्या चोळीचं ३६च्या मापाचं कटिंग ४४ला न्यायचं म्हणजे सगळीकडे सारखी इंचपट्टी वाढवणं नव्हे. छातीचं माप वाढतं, त्या प्रमाणात खांदा वाढत नाही. मापं लहान-मोठी करण्याचा, म्हणजे ग्रेडिंगचा, अख्खा विषय एवढ्या एका सत्यावर उभा आहे. बाजारातल्या बऱ्याच शिवलेल्या नऊवाऱ्या काष्ट्यात ओढतात आणि त्यांच्या चोळ्या काखेत आवळतात, कारण त्यांच्यामागं हा विचार झालेलाच नसतो. इथंही भानू अथैयांचा दाखला आहे: ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधल्या नृत्यासाठी मुमताजची केशरी साडी त्यांनी शिवून, चेन लावून दिली, म्हणून ती साडी नाचताना जागची हलली नाही.

उत्तम शिंपी मास्तराला हे हातानं येतं, हे खरंच आहे. मराठी मुलुखात झारापकर पद्धतीच्या कटिंगवर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, तेही शिक्षणच होतं. पदवीचा अभ्यास त्याच्या पुढचं ‘का’ विचारायला शिकवतो. उभ्या धाग्यावर कापलेलं कापड सरळ पडतं, पंचेचाळीस अंशांत तिरपं कापलं की तेच अंगाबरोबर वाहतं. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने यांनी १९२०-३०च्या दशकांत या तिरप्या कटावर आपल्या फॅशन घराण्याचं नाव गाजवलं. तयार कपड्याच्या खर्चात मोठा वाटा कापडाचा असतो, म्हणून मार्कर, म्हणजे कापडावरची कटिंगच्या तुकड्यांची मांडणी, दाट बसवणारा माणूस कारखान्याचा नफा ठरवतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पगार मात्र नक्की मिळतो.

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था दिल्लीत १९८६ साली निघाली. तिचं मुंबई केंद्र आज खारघरला आहे. अशा संस्थांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं नाव दुकानाच्या पाटीवर झळकणार नाही, आणि तसं स्वप्न विकणाऱ्या जाहिराती मुलांची फसवणूक करतात. बहुतेकांच्या वाट्याला पॅटर्न, मर्चंडायझिंग, निर्यात, मालिका-नाटकांची वेशभूषा अशी कामं येतात. ती मानाची कामं आहेत. ‘बालगंधर्व’ चित्रपटातले शालू आणि पैठण्या नीता लुल्ला यांनी उभ्या केल्या आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मराठी प्रेक्षकानं विसरू नये.

अशा प्रशिक्षित माणसांची उणीव कुठं भासते, ते एका घटनेनं दाखवलं. जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरी वळणाच्या चपला आणल्या, त्या वेळी कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं ही प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. घाट उचलणाऱ्याला ते सहसा अडवू शकत नाही. संताप रास्त होता. पण तेवढ्यावर थांबून भागणार नाही. चामडं कमावणारा, शिवणारा, वेणी घालणारा कारागीर कोल्हापुरात आहे. त्याच्या शेजारी बसून घाटाची नोंद करणारा, परदेशी पायांची मापं बसवणारा आणि कारागिराच्या नावासकट तो माल बाजारात नेणारा प्रशिक्षित डिझायनर फार कमी ठिकाणी दिसतो. तो कोल्हापुरात हवा, तसाच येवल्याच्या पैठणीच्या मागाजवळ आणि सोलापूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांजवळही हवा.

त्यासाठी फॅशन डिझाईनच्या शिक्षणात दोन बदल तातडीनं हवेत. पहिला म्हणजे नऊवारी, परकर-पोलकं, बाराबंदी, धोतर यांच्या कटिंगची आणि नेसण्याच्या रीतींची मापांसह मराठीत नोंद. जाणत्या स्त्रिया आणि वृद्ध मास्तर आहेत तोवरच ती होऊ शकते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती सहज होईल. दुसरा बदल महाविद्यालयांच्या हातात आहे: पदवी नसलेल्या मास्तरांना, विणकरांना वर्गावर शिकवायला बोलवावं, त्यांना प्राध्यापकाच्या तासाइतकंच मानधन द्यावं आणि वेळापत्रकात त्यांचं नाव छापावं. आज इथं भरलेल्या या परिषदेच्या ठरावांत हे दोन बदल आधी घ्यावेत.