‘हजर, बाई!’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)

आदरणीय गुरुजनवर्ग आणि १९८७ च्या दहावीतील माझ्या मित्रमैत्रिणींनो,



आज सकाळी आपण जुन्या वर्गात बसलो आणि बाईंनी हजेरी घेतली. तेवीस नंबर पुकारला आणि वर्ग एकदम शांत झाला. तो नंबर माझा. आठवीपासून दहावीपर्यंत माझी ‘हजर’ शेजारी बसणारा मित्र द्यायचा, हे तुम्हाला आठवलं असणार. मी बोलताना अडखळायचो, अजूनही अडखळतो. ‘ह’ ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या मान वर करून मला बघायच्या आणि हजेरी मांडायच्या. आज मित्र मुद्दाम गप्प बसला. मला चार-पाच सेकंद लागले, पण ‘हजर’ मीच म्हटलं.

संयोजकांनी मला ‘आत्मविश्वास आणि जिद्द’ हा विषय दिला आहे. त्यावर उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. एक अनुभव तेवढा सांगतो.

लहानपणी आई माझ्या जिभेला मधात उगाळलेलं वेखंड लावायची. कुणी सांगे, सुपारीएवढा खडा तोंडात धर. कुणी म्हणे, घाबरतो म्हणून अडखळतो. पण एक गंमत होती. पाढे सगळ्यांबरोबर म्हणताना मी कधीच अडखळलो नाही. हे बाईंनी हेरलं आणि सकाळची प्रतिज्ञा सांगायला मला दुसऱ्या एका मुलाबरोबर उभं केलं. दोघांच्या आवाजात माझा आवाज सुरळीत चालला. पुढे एका वाचा-उपचार तज्ज्ञांनी सांगितलं, की अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. दुसऱ्याच्या आवाजाची सोबत मिळाली की शब्द सुटतात. मोठ्या माणसांमध्ये साधारण शंभरात एक जण असा असतो. बाईंनी यातलं काही वाचलं नव्हतं, त्यांनी फक्त नीट ऐकलं होतं.

१९९६ साली मी ग्रामसेवक झालो. कागदाचं काम चोख करायचो. ग्रामसभेत वाचायची वेळ आली, की मात्र इतिवृत्त शिपायाच्या हातात द्यायचो. लोकांना वाटायचं साहेबी थाट आहे. मी तसं वाटू द्यायचो. तोतरा म्हणण्यापेक्षा ते बरं होतं.

२००३ सालच्या १५ ऑगस्टची ग्रामसभा. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मंजूर करायची होती. अकरा नावं होती. शिपाई वाचत गेला आणि त्याच्याकडून सातवी ओळ सुटली. ते नाव एका विधवा बाईचं होतं. ती मागे चपलांजवळ बसली होती. यादीची दुसरी प्रत माझ्या हातात होती. मला फक्त तिचं नाव उच्चारायचं होतं. नाव ‘ह’वरूनच सुरू होत होतं. मी तोंड उघडलं, घसा बंद झाला. तेवढ्यात ‘वाचलेल्या नावांना मंजुरी’ असा ठराव झाला आणि सभा उठली.

बाहेर तिने मला गाठलं. “भाऊसाहेब, यादीत माझं नाव होतं ना?”

मी मान खाली घातली.

तोवर माझ्या अडखळण्याने माझंच नुकसान होतं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी माझ्या गप्प राहण्याने दुसऱ्याचं छप्पर गेलं. रात्री इतिवृत्त लिहिताना हात थबकला. सातवं नाव हळूच घुसडता आलं असतं. पण सभेत जे वाचलंच नाही, ते मंजूर झालं असं लिहिणं खोटं होतं. वाट एकच होती. पुढच्या ग्रामसभेत, २ ऑक्टोबरला, सगळ्यांसमोर मीच ते नाव वाचायचं.

हाताशी दीड महिना होता. रोज रात्री जेवणं झाली, की मी आणि माझी पत्नी ती यादी मिळून वाचायचो. बाईंचा प्रतिज्ञेचा प्रयोग आठवून मी तिला म्हटलं, “आठवड्याआठवड्याला तू तुझा आवाज कमी करत जा.” शेवटी तिचे नुसते ओठ हलायचे. तरी ‘ह’ कधी निघायचा, कधी नाही. २ ऑक्टोबरच्या सकाळी मला काडीचाही आत्मविश्वास नव्हता.

सभेत उभा राहिलो आणि आधी सांगून टाकलं, “मी बोलताना अडखळतो. मागच्या यादीतलं एक नाव वाचायचं राहिलं, ती चूक माझी. आज मीच वाचणार आहे. वेळ लागेल.” मागून दोन पोरं हसली. सातव्या नावावर अडकलो. किती वेळ ते माहीत नाही. पुढे बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, “वाचू द्या, घाई कुणाला हाय?” आणि नाव निघालं. तुकड्या-तुकड्याने, पण पूर्ण. दुरुस्तीचा ठराव झाला. पुढच्या वर्षी त्या घराचा पाया खणला, तेव्हा तिने मला नारळ फोडायला लावला.

मित्रांनो, आत्मविश्वास आला की बोलेन, असं म्हणत मी कित्येक वर्षं काढली. तो आधी आलाच नाही. नाव वाचून झाल्यावर आला, तोही पुढची सभा निभेल एवढाच. पुढच्या सभेनंतर आणखी थोडा. त्यानंतर इतिवृत्त मी शिपायाकडे दिलं नाही. अडखळणं गेलं नाही, ते लपवण्याची धडपड मात्र गेली. खरा थकवा त्या धडपडीचा होता, हे नंतर कळलं.

आपल्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा झालेत. घरातलं एखादं पोर अडखळत असेल, तर एवढंच करा: त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्याच्याकडे बघत थांबा. माझी ‘हजर’ देणाऱ्या मित्राचं प्रेम मी विसरणार नाही. पण आज तो गप्प बसला, हे त्याचं त्याहून मोठं प्रेम.

बाई, तेवीस नंबरची हजेरी तुम्ही तीन वर्षं विश्वासावर मांडलीत. ती बाकी आज फेडली, असं समजा.